बांधाचा निकाल उन्हाळ्यात लावू नका

आमच्याकडे खान्देशात मोकळ्या जागेचा निकाल लागतो तो एप्रिल-मे मध्येच. बांध पेटवायचा तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आगेमागे, नाला खोल करायचा तर मे महिन्यात, गायरानात झाडं लावायला खड्डे करायचे तर तेही मे मध्ये, आणि शहरातल्या ओपन स्पेसला कंपाऊंड करून पेव्हर ब्लॉक टाकायचे तर पावसाळ्याच्या आत. कारणं खरी आहेत, तेव्हा वावरं मोकळी असतात, जेसीबी कुठूनही जातो, मजूर मिळतात. पण त्याच वेळी आपला मुलूख कसा दिसतो ते आठवा. पारा ४४-४५ वर, काळ्या जमिनीत हात जाईल एवढ्या भेगा, गवत वाळून पांढरं, बोराटीच्या नुसत्या काट्या उरलेल्या. त्या दिवसांत कोणीही येऊन पाहिलं तर म्हणेल इथे काही नाहीच, साफ करून टाकलेलं बरं. माझं म्हणणं असं आहे की ज्या जागेबद्दल काही ठरवायचं ती जागा आधी बारा महिने पाहिली पाहिजे, पाहिलेलं लिहिलं पाहिजे, आणि हे काम हौसेवर न सोडता गावाच्या कारभारात आलं पाहिजे.

पाहायला वेळ कोणाला आहे, असं लगेच कोणीतरी विचारतं. पण पाहणारे आहेतच की! शेतकरी रोज त्याच बांधावरून जातो, दुपारचा डबा त्याच निंबाखाली सोडतो, शेळ्या चारणाऱ्या बाया दिवसभर तिथेच असतात. अडचण ही आहे की त्यांना जे दिसतं ते कुठेच लिहिलं जात नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते ना ग्रामसभेत मोजलं जातं ना तहसीलला. सातबाऱ्यावर अशी जागा पोटखराब, म्हणजे लागवडीच्या कामाची नाही, म्हणून एका आकड्यात येते आणि संपते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात तर झुडपांची जमीन हा पडीकचाच एक प्रकार धरलाय. म्हणजे कागदावर ती जागा आधीच रिकामी झालेली असते, जेसीबी नंतर येतो.

मी ज्या तुकड्याबद्दल सांगतोय तो अमळनेर-पारोळ्याकडचा आहे, बोरी नदीच्या खोऱ्यातला. काळी जमीन, कोरडवाहू कपाशी, आणि दोन वावरांमधला बांध जिथे नाल्याला भिडतो तो कोपरा. एक जुना निंब, बोराटीची जाळी, एक हिवर, नाल्याच्या काठाला पळस, मध्ये तरवड आणि रुई, खाली मारवेल आणि कुसळी ही गवतं. दोन गुंठेसुद्धा भरणार नाही. बरीच वर्षं मी त्या कोपऱ्यावर लक्ष ठेवून आहे, फोनवर फोटो काढतो, तारीख टाकून दोन ओळी लिहितो. वाटेने जाणारं कोणी ना कोणी थांबतं, “भाऊ, काय देखी राह्यना?” असं विचारतं, आणि मग स्वतःच दोन गोष्टी सांगून जातं ज्या माझ्या वहीत नसतात.

आता तिथे वर्षभर काय चालतं ते सांगतो, कारण मुद्दा तिथेच आहे.

चैत्रात सगळं करपत असताना निंबाला मोहोर येतो. त्याचा वास संध्याकाळी पार वावराच्या मध्यापर्यंत येतो आणि झाडावर मधमाश्यांचा आवाज चालू असतो. नाल्याच्या दगडगोट्यांत टिटवी अंडी घालते, घरटं असं काही करतच नाही, अंड्यांचा रंग दगडांत असा मिसळतो की पायाखाली येईपर्यंत कळत नाही. सरड्याच्या नराचं डोकं आणि गळा लाल होतो. बाकी सगळं मातीत नाहीतर काड्यांना चिकटून असतं. नाकतोड्यांची अंडी जमिनीत, प्रार्थना कीटकाचा अंड्यांचा पुंजका वाळल्या काडीवर, कोषात गेलेले पतंग पालापाचोळ्यात. उन्हाळ्यात बांधाला काडी लावतो तेव्हा आपण वाळलं गवत जाळत नसतो फक्त, पुढच्या पावसाळ्यात कपाशीतल्या अळ्या आणि मावा खाणाऱ्या मित्रकिड्यांची पिढी जाळत असतो. कुसळी जाळाला पुरून उरते, तिचं काही बिघडत नाही. बिघडतं ते या बाकीच्यांचं.

मग मृग. पहिला दमदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी लाल मखमली किडे बाहेर येतात, मृगाचे किडे म्हणतो आपण. लहानपणी सगळ्यांनीच ते तळहातावर घेतलेत. हे वर्षाचा बहुतेक काळ मातीत असतात आणि पाऊस पडल्यावर थोडे दिवस वर येतात, कारण त्याच वेळी वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडते आणि ही वाळवी त्यांचं खाणं आहे. त्याच संध्याकाळी बेडूक, सरडे, कोतवाल, चिमण्या सगळे त्या वाळवीवर तुटून पडतात. चातक यायचे दिवसही हेच, आफ्रिकेतून पावसाच्या ढगांबरोबर येतो तो. एका पावसात दोन गुंठ्यांत एवढी उलाढाल होते, आणि हे सगळं मातीचा वरचा थर जागेवर असला तरच. नाला रुंद करताना काठ खरवडून ती माती दुसरीकडे टाकली की पुढच्या मृगात तिथे पाऊस पडतो पण बाहेर येणारं कोणी नसतं.

श्रावण-भाद्रपदात तर तो कोपरा ओळखू येत नाही. केना, टाकळा, कुर्डू, आघाडा, तांदुळजा, आणि बोराटीवर चढलेला कटुर्ल्याचा वेल. कटुर्ली बाजारात महाग मिळतात, तिथे ती फुकट असतात, आणि ज्या बायांना जागा माहीत आहेत त्या दुसऱ्या कोणाला सांगत नाहीत. रुईवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या असतात, रुईचं विषारी दूध पचवून त्यांची नारिंगी फुलपाखरं होतात. टाकळा-तरवडावर पिवळी बारकी फुलपाखरं अंडी घालतात. गाजरगवत पण असतं, ते कुठे नाही? पण त्याच्यावर मेक्सिकन भुंगेरे असतात, १९८४ मध्ये मेक्सिकोतून मुद्दाम आणलेले, ते गाजरगवताचा पाला फस्त करतात, दिवाळीच्या आसपास मातीत शिरतात आणि पुढच्या पावसालाच वर येतात. म्हणजे त्यांना वर्षातले निम्म्याहून जास्त महिने न हललेली माती लागते. ती आता बांधाशिवाय आहे कुठे? वावर तर आपण ट्रॅक्टरने खालीवर करतोच.

आश्विनात बोराटीला बारीक हिरवट फुलं लागतात, दिसतही नाहीत नीट, पण माश्या आणि गांधीलमाश्यांनी जाळी भरून जाते. परीट पक्षी येतात, शेपटी वरखाली करत नाल्याच्या ओल्या कडेने फिरतात. मग थंडी, बोरं, आणि भोरड्या पक्ष्यांचे थवे. दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरलेल्या माणसाला भोरड्या नकोशा वाटतात ते मला मान्य आहे, कणीस रिकामं करतात त्या. पण त्याच भोरड्या नाकतोडेही खातात, आणि फाल्गुनात पळस फुलला की त्याच्या फुलांतला रस पितात आणि मध्य आशियाकडे परत निघतात. परतीच्या एवढ्या मोठ्या प्रवासाआधीची शिदोरी आपल्या नाल्यावरचा पळस देतो. हे मे महिन्यात खड्डे मोजायला आलेल्या माणसाला कसं दिसणार? त्याचा दोष नाही, त्याला पाठवलंच चुकीच्या महिन्यात.

आता शेतकऱ्यांच्या बाजूने जे सांगितलं जातं ते बाजूला सारून चालणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. रावेर-यावलकडचा केळीवाला सांगतो की बांधावरच्या तणात मावा असतो, तो सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक हा विषाणूरोग, केळीत आणतो, आणि एकदा रोग आला की झाडं उपटून टाकण्याशिवाय इलाज नाही. बरोबर आहे. कपाशीवाला सांगतो गाजरगवतावर मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, वाढतो. तेही बरोबर आहे. आणि गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांत, राहते, म्हणून पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका हे कृषी खातं दर वर्षी सांगतं, ते तर शंभर टक्के ऐकलं पाहिजे.

पण प्रत्येक गोष्टीची वेळ आणि जागा बघा. सीएमव्हीचा धोका आहे तो पावसाळ्यात, केळीच्या लगतच्या कोवळ्या तणाचा आणि काकडी-भोपळ्याच्या वर्गातल्या वेलांचा. ते तण त्या वेळी उपटायचं, केळीत असली आंतरपिकं घ्यायची नाहीत. एप्रिलमध्ये बोराटी आणि हिवर जाळून सीएमव्हीला काही फरक पडत नाही. पऱ्हाटी उपटून कुट्टी करायची आहे, तिचा आणि तरवडाचा संबंध नाही. आणि मिलीबगची गोष्ट तर उलटी साक्ष देते. २००६ च्या सुमारास तो कपाशीवर आला तेव्हा फवारण्या करून लोक थकले, आणि मग एनासियस नावाची एक परोपजीवी माशी, डोळ्याला नीट दिसणारही नाही एवढी बारीक, आपोआप पसरलेली सापडली. कोणी सोडली नव्हती. ती मिलीबगच्या अंगात अंडं घालते आणि मिलीबग वाळून त्याचा तपकिरी मणी होतो. पुढे मिलीबगचा तो जोर राहिला नाही त्यात या माशीचा मोठा वाटा आहे. गाजरगवत उपटा, जरूर उपटा, पण ज्या झुडपांत आणि तणात मिलीबग सापडतो तिथेच त्याचा शत्रूपण राहतो, एवढं लक्षात ठेवून. तणनाशकाच्या सरसकट फवाऱ्याला हा फरक कळू शकत नाही. ग्लायफोसेट तर ऑक्टोबर २०२२ पासून फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरावं असा केंद्राचा आदेश आहे, आणि बांधावर पाठीवरच्या पंपाने ते मारलं जाणं थांबलेलं नाही.

मधमाश्यांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो कारण तो सरळ खिशाला लागतो. कांद्याचे डोंगळे लावणाऱ्या कोणालाही विचारा, फुलं भरपूर आली आणि माशी फिरली नाही तर बी भरत नाही. डोंगळे फुलतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. माशी काही त्या महिन्यापुरती आकाशातून उतरत नाही, तिला उरलेलं वर्ष काढायचं असतं. ते कशावर काढते ते आमच्या कोपऱ्याच्या वहीत दिसतं. चैत्रात निंब आणि पुढे करंज, पावसात बाभूळ आणि हिवर, आश्विनात बोर, फाल्गुनात पळस, आणि तरवडाची पिवळी फुलं अधूनमधून जवळपास वर्षभर. ही साखळी आहे आणि तिची प्रत्येक कडी बांधावर किंवा नाल्याकाठी आहे, वावरात नाही. शिवाय फुलोरी माशी, ती बारकी, तिचं एका पोळीचं घर बोराटीच्या जाळीतच लटकलेलं असतं. बांध साफ केला की तिचं खाणंही गेलं आणि घरही गेलं, आणि मग तोच माणूस पेटीतल्या माश्या भाड्याने आणायच्या का याची चौकशी करतो.

बांध कोरण्याचं दुखणं यात आलंच. दर वर्षी नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, बांधाच्या बाजूला सरकवायचा, शेजाऱ्याने पण तेच करायचं, आणि जिथे आजोबांच्या वेळी बैलगाडी उभी राहायची तिथे आता माणूस तोल सांभाळत चालतो. यावरून गावोगाव भांडणं आहेत, मोजण्या आहेत, कोर्टात केस आहेत. लोक हे फक्त हद्दीचं भांडण समजतात. पण अशी एकेक रेघ करत जी पट्टी दोघांनी मिळून खाल्ली तिच्यात कपाशीची एक ओळ वाढली असेल, आणि सुगीपर्यंत मारवेलचा जो चारा बैलाला मिळायचा तो मात्र कायमचा गेला. गणपतीला दूर्वा, हरतालिकेला आघाडा हे जळगाव-धुळ्याच्या लोकांनी विकत घेणं समजू शकतो, पण आता खेड्यातलं माणूसही तालुक्याच्या बाजारातून आघाडा आणतं.

शहराचंही तसंच. मेहरूणची बोरं म्हटलं की जुन्या जळगावकराच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि त्या बागांच्या जागी आज प्लॉट आहेत. शहर वाढणार, घरं लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण कॉलनीतला जो ओपन स्पेस सोडलेला असतो त्यात तरी लॉन आणि पेव्हरच का? ४५ डिग्रीच्या गावात लॉनला दररोज पाणी घालायचं आणि ज्या बोर-निंबाला पाणी लागत नाही ते काढून टाकायचं, हा हिशेब मला कधी पटलेला नाही. एका पावसाळ्यात त्या जागेवर काय उगवतं ते कॉलनीतल्या पोरांना पाहू द्या, मग डिझाईन करा.

नाला खोलीकरणावर बोलताना जपून बोलावं लागतं कारण पाणी हा आमचा जीव आहे. वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही बेभरवशाचा. शिरपूर तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून बंधारे घातले आणि विहिरींना पाणी आलं, ते काम राज्यभर लोकांनी येऊन पाहिलं. त्याला माझा विरोध असायचं कारण नाही. मागणी एवढीच आहे की मशीन एका काठाने चालवा आणि दुसऱ्या काठाची झाडझुडपं राहू द्या, आणि कुठला काठ ठेवायचा हे ठरवताना गेल्या पावसाळ्यातली नोंद हातात असू द्या. झाडं लावण्याचंही तेच. २०१९ मध्ये राज्याचं ३३ कोटींचं टार्गेट होतं. टार्गेट असलं की खड्ड्यांसाठी मोकळी जागा शोधली जाते, आणि उन्हाळ्यात गायरानातलं चांगलं गवताळ माळरान सगळ्यात मोकळं दिसतं. धुळे-साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळाला विचारा त्या माळावर पावसानंतर कोणकोणतं गवत येतं, तो एकेकाचं नाव आणि मेंढीला कोणतं मानवतं तेसुद्धा सांगेल.

आणि नोंद ठेवल्याने काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण खान्देशातलंच आहे. रानपिंगळा, तो छोटा घुबडाचा प्रकार जो आज आपल्या सातपुड्याची शान आहे, तो १८८४ नंतर शंभर वर्षांहून जास्त काळ कोणाला अधिकृतपणे दिसलेलाच नव्हता, नामशेष झाला असंच धरलं गेलं होतं. मधे १९१४ सालची गुजरातची एक नोंद होती आणि शोधणारे तिच्या मागे जात होते. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने तपासून दाखवलं की ती नोंद खोटी आहे, चोरलेल्या नमुन्यावर चुकीची माहिती चिकटवलेली आहे. ती बाजूला केल्यावर जुन्या खऱ्या नोंदी उरल्या, त्यात एकोणिसाव्या शतकातल्या खान्देशच्या होत्या. त्या नोंदी धरून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पोचले आणि पक्षी तिथेच होता. ११३ वर्षं! जागा आणि तारीख खरी लिहिलेली होती म्हणून सापडला, आणि एक खोटी नोंद घुसली म्हणून तोवर भलतीकडे शोध चालला. आपल्या पावरा-भिल्ल लोकांच्या जंगलात तो पक्षी तेवढा सगळा काळ ओरडत होताच, पण त्यांना विचारून लिहून ठेवायची व्यवस्था नव्हती.

ती व्यवस्था आज कायद्यात आहे, हेच तर मला मोठ्याने सांगायचंय. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला पाहिजे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायला पाहिजे. बरीच वर्षं हे काम रखडलं, मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. अशा मुदतीत घाईने भरलेली वही कशी होते ते वेगळं सांगायला नको. थोड्या दिवसांत कोणीतरी येऊन झाडांची, पक्ष्यांची, पिकांची यादी भरून गेलं तर तिच्यात ऋतूच नसतो. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ती वही दाखवा म्हणा. तो आपला हक्क आहे. कपाटातून निघाली तर बघा आपल्या नाल्याचं, आपल्या बांधाचं त्यात काही आहे का, मृगात काय दिसलं आणि पौषात काय दिसलं असं कुठे लिहिलंय का.

माझ्या डोक्यात जे आहे ते फार खर्चाचं नाही. प्रत्येक गावाने आपल्या शिवारातल्या पाच-सहा जागा निवडाव्यात, एक बांध, एक नालाकाठ, गायरानाचा एक कोपरा, शाळेमागची जागा, स्मशानाजवळची जागा. महिन्यातून एकदा कोणीतरी तिथे जाऊन जे दिसेल ते तारखेसह लिहावं, काय फुललं, काय वाळलं, कोण आलं, कोण गेलं. ग्रामसभा वर्षात किमान चार होतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला, आणि बघा ना, या चार तारखा बरोबर चार वेगळ्या ऋतूंत पडतात, बोरांच्या दिवसांत, भर उन्हात, ऐन पावसात आणि पाऊस सरताना. त्या प्रत्येक सभेत ती वही दहा मिनिटं वाचली जावी. आणि नियम असा करावा की या जागांपैकी कुठेही खोदायचं, जाळायचं, सपाट करायचं किंवा सुशोभीकरण करायचं असेल तर आधीच्या चारही सभांमधल्या नोंदी ठरावाला जोडल्याशिवाय ठराव होणार नाही. काम थांबवा असं यात कुठेच नाही. एक वर्ष आधीपासून विचार करा एवढंच आहे, आणि जे काम एक वर्ष आधी सुचत नाही ते बहुतेक वेळा तेवढं तातडीचंही नसतं.

मास्तरांवर आणखी एक ओझं नको असं शाळावाले म्हणतील, आणि त्यांचं खरं आहे, म्हणून वही फक्त शाळेवर टाकू नये. पोरांना लिहू द्यावं पण सांगणारी माणसं शिवारातली असावीत. आमच्या गावात विचाराल तर मी पहिलं नाव शेळ्या चारणाऱ्या म्हाताऱ्या मावशींचं सुचवेन, कारण कटुर्ल्याच्या जागा, टिटवीच्या जागा, कोणत्या बोराचं फळ आधी पिकतं, कोणत्या वर्षी भोरड्या उशिरा आल्या, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही. त्यांना समितीवर घ्या, सभेला खुर्ची द्या, आणि रोजगार हमीच्या दिवसाची मजुरी मिळते तेवढा भत्ता महिन्याच्या त्या एका फेरीसाठी त्यांना द्या. येत्या १५ ऑगस्टच्या सभेत मी हे लेखी मांडणार आहे, तुम्हीही आपापल्या गावात मांडा.